पुतळ्याच्या हातातलं पुस्तक

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडला जाऊन आलेलं कुणी भेटलं की लंडन ऐकावं लागतं. मी आज थेटफर्ड सांगणार आहे. नाव परत सांगते, थेटफर्ड. नॉरफकमधलं, लिटल ऊझ नदीकाठचं जुनं बाजाराचं गाव. आम्ही लेकीकडे केंब्रिजला होतो. तिथून नॉरिचच्या गाडीत बसलं की तासाच्या आत थेटफर्ड येतं.

बरोबर दशम्यांचा डबा होता. परदेशात डबा काय न्यायचा, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. तिकडे सँडविच गारढोण मिळतं, आणि कागदी पेल्यात पिशवी बुचकळून देतात त्याला चहा म्हणायचं. असो.

गावात आधी लागते कॅसल हिल. नावात किल्ला आहे, पण वर किल्ला नाही! नॉर्मन लोकांनी अकराव्या शतकात माणसं लावून माती ओतली आणि ही टेकडी रचली. उंची वीसेक मीटर. आमच्या ह्यांनी तरुणपणी राजगड चारदा केलेला. पायऱ्या चढून वर गेले, चौफेर बघितलं नि म्हणाले, "संपला?" मग मठाचे अवशेष. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० साली मठ बंद झाला, घडीव दगड लोकांनी नेले, गारगोट्यांच्या ओबडधोबड भिंती तेवढ्या राहिल्या. आणि व्हाइट हार्ट स्ट्रीटवरचं एन्शंट हाउस, पाचशे वर्षांपूर्वीचं लाकडी घर. आता तिथे म्युझियम आहे. ते घर गावाला दिलं कुणी? महाराजा दुलीपसिंगांचे चिरंजीव प्रिन्स फ्रेडरिक यांनी! पंजाबचं राज्य इंग्रजांनी घेतल्यावर महाराजा जवळच्याच एल्व्हडनला राहिले होते. नदीतल्या बेटावर त्यांचा घोड्यावरचा पुतळाही आहे. कोहिनूरबद्दल मी बोलायला लागले तर वेळ पुरायचा नाही.

कारण मला सांगायचाय तो दुसरा पुतळा. किंग स्ट्रीटवर उभा आहे, सोनेरी मुलाम्याचा, उन्हात डोळे दिपतात. टॉमस पेन. याच गावात १७३७ साली जन्मला. बाप बायकांच्या कंबरा आवळायचे कॉर्सेट शिवणारा. त्याच्या या मुलानं पुढे अमेरिकेला, राजाला सोडा आणि स्वतंत्र व्हा, असं लिहून सांगितलं. पुतळ्याच्या एका हातात पिसाची लेखणी, दुसऱ्या हातात त्याचं पुस्तक, 'राइट्स ऑफ मॅन'. माणसाचे हक्क. लक्षात ठेवा, माणसाचे हक्क. कारण हेच पुस्तक १८४७ साली पुण्यात एका वीस वर्षांच्या मुलानं वाचलं. जोतीराव फुल्यांनी.

आम्ही राहतो फुले वाड्यापासून दोन गल्ल्यांवर. त्यामुळे पुतळा दिसताच ह्यांनी काय करावं? बूट काढले! भर रस्त्यात, ऑक्टोबरच्या थंडीत, मोज्यांवर उभे राहून हात जोडले. जाणाऱ्या एका बाईंनी काळजीनं विचारलं, बुटात खडा गेला का? मी म्हटलं, नाही हो, नमस्कार चाललाय.

मग हे पुस्तकाचं नाव वाचायला लागले. वाचता येईना. ह्यांना मानेचा जुना त्रास, डॉक्टरांनी मान वाकवू नका म्हणून बजावलेलं. तरी मान डावीकडे, मग उजवीकडे, मग कमरेतून वाकून जवळजवळ खाली डोकं. "अगं, पुस्तक उलटं आहे!" मला वाटलं, चष्मा विसरले. बघते तर खरंच. अक्षरं खाली डोकं, वर पाय. पुस्तक उलटंच धरलेलं!

भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा आमची कसरत बघत उभे होते. म्हणाले, इथे येणारा प्रत्येक जण अशीच मान वाकडी करतो. मी विचारलं, चूक झाली का हो? ते म्हणाले, कुणी चूक म्हणतं, कुणी म्हणतं मुद्दाम केलंय, लोकांनी थांबावं म्हणून. "तुम्ही थांबलातच ना?" पुतळा १९६४चा, शिल्पकार चार्ल्स व्हीलर, इंग्लंडच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष. एवढ्या माणसाला सुलटं-उलटं कळत नसेल? मी मुद्दामवाल्यांच्या बाजूची. आमच्याकडच्या पुतळ्यांकडे तरी कोण थांबून बघतं? जयंतीला हार घातला की वर्षभर कबुतरं आणि तो.

फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत धाकट्या दिरांचा निरोप, "वहिनी, फोटो उलटा आलाय." मी लिहिलं, "भाऊजी, फोटो उलटा असता तर पेनसाहेब डोक्यावर उभे नसते का?" त्यावर बराच वेळ काही आलं नाही.

ह्यांची मान पुढे आठवडाभर शेकत होते. तो फोटो मोठा करून आता बाहेरच्या खोलीत लावलाय. परवा गॅसवाला आला, सिलिंडर खाली ठेवलं, पावती फाडता फाडता भिंतीकडे बघितलं, आणि हळूच मान वाकडी केली.

नमस्कार.