बेंबीपाशी दुखणारं पोट उजवीकडे का सरकतं? अपेंडिक्सच्या आत काय चालतं ते बघा

नमस्कार मंडळी! सदाशिव पेठेत, नारायण पेठेत रूम घेऊन एमपीएससी करणाऱ्या पोरापोरींसाठी आज खास बोलतोय, कारण अपेंडिक्स सुजतं ते जास्त करून १० ते ३० वयात, आणि रूमवर पोट दुखलं की उपाय ठरलेला, मेसचं काहीतरी बाधलं असेल, ओवा खा, गॅसची गोळी घे नि झोप.

तर अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लटकणारी करंगळीएवढी नळी. तिचं तोंड शौचाच्या कडक खड्यानं नाहीतर सुजलेल्या लिम्फच्या गाठींनी बुजलं की आत स्राव साठतो, दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ई. कोलायसारखे बॅक्टेरिया भिंतीत घुसतात. तिथं मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, मुक्कामालाच असतात, त्यांना बॅक्टेरियाची चाहूल लागली की त्या सायटोकाइन, म्हणजे इतर पेशींना निरोप देणारे रेणू सोडतात, जसं टीएनएफ, आयएल-१, आयएल-६, आयएल-८ वगैरे.

यातलं आयएल-८ मला फार भारी वाटतं. ते न्यूट्रोफिलला, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींना बोलावतं. रक्तातून वाहत जाणारी ही पेशी तिथं आली की रक्तवाहिनीच्या भिंतीवर गडगडत जाते, चिकटते, मग दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते आणि जिकडे आयएल-८ जास्त तिकडे सरकत जाते. काढलेल्या अपेंडिक्सच्या स्नायूच्या थरात या पेशी दिसल्या की पॅथॉलॉजिस्ट अपेंडिसायटिस, म्हणजे अपेंडिक्सची सूज, नक्की करतात. आयएल-६ लिव्हरला सीआरपी, म्हणजे रक्ततपासणीत सूज दाखवणारं प्रोटीन, बनवायला लावतं, पण त्याला काही तास लागतात, म्हणून अगदी सुरुवातीचा सीआरपी नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका.

आणि दुखणं सरकतं का? आधी नुसती नळी ताणलेली असते, तिच्या नसा मज्जारज्जूत तिथंच शिरतात जिथं बेंबीजवळच्या कातडीच्या नसा शिरतात, म्हणून मेंदूला वाटतं बेंबीपाशी दुखतंय. मग सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की उजवीकडे खाली नेमकं बोट ठेवता येतं. हा पॉइंट न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी डॉक्टरांनी १८८९ मध्ये सांगितला.

न्यूट्रोफिलची एन्झाइम आपल्याच भिंतीलाही खातात, त्यात रक्तपुरवठा तुटलेला, मग नळी फुटते. फुटल्यावर दाब उतरून थोडा वेळ बरंसुद्धा वाटू शकतं आणि तिथंच लोक फसतात! म्हणून दुखणं उजवीकडे सरकलं, उलटी झाली, ताप आला, तर जुलाबाचं औषध नको, शेक नको, रात्रीचे दोन वाजले असले तरी रूममेटला उठवा आणि सरळ ससूनची नाहीतर जवळच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा.