निळ्या फुलाचा केना

पऱ्हाटीच्या दोन तासांमधली ही जागा बघा. दहा दिवसांपूर्वी इथे ग्लायफोसेट या तणनाशकाचा फवारा झालाय. शिपी वाळली, माठ करपला. आणि त्या पिवळ्या पाचोळ्यातून हिरवागार पसरलाय केना.

केना आपल्या ओळखीचा. कोवळ्या पानांची भजी होतात, म्हशी आवडीने खातात. सकाळी उमललेलं इवलं निळं फूल दुपारी मिटतं. पण त्याचा खरा कारभार जमिनीखाली चालतो. अलगद उपटलात तर पांढऱ्या दांड्या दिसतील, आणि त्यांच्यावर कधीच न उमलणारी फुलं. ती मातीतच बी धरतात. वरून कितीही कापा, खालचं बी तिथेच राहतं.

ग्लायफोसेट त्याच्या पानात हळूहळू शिरतं. दोन-तीन पानांचं रोप मरेलही, पण हातभर पसरलेला केना कोमेजतो आणि पुन्हा फुटतो. ही ताकद त्याच्या अंगचीच आहे. हरियाणातल्या गव्हात गुल्ली-दंडा नावाच्या तणाचं तसं नव्हतं. तो आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाने मरायचा. वर्षानुवर्षं तेच औषध मारलं, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मरेनासा झाला. केन्याचे मात्र आपण शेजारी मारतो आणि सगळं रान त्याला मोकळं करून देतो.

अमेरिकेत जॉर्जियात हेच घडलं. ग्लायफोसेट सहन करणारा कापूस १९९७ मध्ये तिथे बाजारात आला, मशागत कमी झाली, सारी भिस्त एका औषधावर आली. काही वर्षांतच हाच केना तिथल्या कापसातलं सगळ्यात तापदायक तण ठरला. आपल्याकडे असं बियाणं मंजूर नाही, तरी ते लावलं जातं. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला तर शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे लावलं. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी झेपत नाही. अशा शेतकऱ्याला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण जॉर्जियाची ही हकीकत त्याच्या कानावर जायला हवी.

केना गाठायचा तो लहानपणीच. डवरा, म्हणजे कोळपं, उघडीप बघून चालवायचा. ओल्या रानात चालवला तर वेलाचे तुकडे होतात आणि तुकड्याचं प्रत्येक पेर मुळं धरतं. एका केन्याचे दहा होतात! डवऱ्याच्या पात्याला, फासेला, गुंतलेले वेल काढल्याशिवाय डवरा दुसऱ्या वावरात न्यायचा नाही. उपटलेला केना धुऱ्यावर टाकला तर तिथेच रुजतो, तो गोठ्यात गेलेला बरा. दरवर्षी तेच पीक आणि तेच औषध नको. सोयाबीनची तासं लवकर मिटली, तर सावलीत तो दबून राहतो.

या ताई बघा. वेल ओढत नाहीत, आधी बुडाशी खुरपं खोल घालतात, माती सैल करतात. मग सगळं एकदम वर येतं, पांढऱ्या दांड्यांसकट.