कंट्रोल-सी दाबलं तरी कॉपी का होत नाही?

(पडद्यावर ईमॅक्सची विंडो, शेजारी हातांचा क्लोज-अप)

ईमॅक्स म्हणजे मजकूर आणि प्रोग्रॅम लिहायचा एक जुना एडिटर. हे हात त्याला नवीन आहेत, कॉम्प्युटरला नाहीत. एक ओळ सिलेक्ट केली, कंट्रोल-सी दाबलं, आणि कॉपी काही झालं नाही. खालच्या पट्टीत नुसतं सी-सी आणि एक डॅश येऊन थांबलंय, म्हणजे एडिटर पुढच्या कीची वाट बघतोय. ते रद्द केलं. आता कंट्रोल-व्ही, तर पेस्ट व्हायच्या ऐवजी मजकूर पानभर सरकला. कंट्रोल-ए दाबलं की सगळं सिलेक्ट व्हायला हवं ना, इथे कर्सर गुपचूप ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसला. आणि आता कंट्रोल-झेड.

(विंडो मिनिमाइज होते)

गेली विंडो. क्रॅश नाहीये हा, ईमॅक्सच्या हिशेबाने सगळं बरोबर चाललंय.

(स्पेस-कॅडेट कीबोर्ड, कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश)

हा कीबोर्ड नीट बघून घ्या, कारण ईमॅक्स आणि आपल्या नेहमीच्या शॉर्टकटमधल्या भांडणाचं मूळ इथे आहे. ईमॅक्सची सुरुवात १९७६ सालची, एमआयटीच्या एआय लॅबमधली, त्यात रिचर्ड स्टॉलमन होते, गाय स्टील, डेव्हिड मून होते. आज आपण वापरतो तो जीएनयू ईमॅक्स १९८५ चा. आणि हा स्पेस-कॅडेट त्याच माहौलातला, लिस्प भाषेसाठी खास बनवलेल्या कॉम्प्युटरसाठी, म्हणजे लिस्प मशीनसाठी बनवलेला. स्पेसबारच्या दोन्ही बाजूंना बघा, कंट्रोल आणि त्याच्यासारख्याच दाबून ठेवायच्या मेटा, सुपर, हायपर या कीज, सगळ्या डावीकडेही आणि उजवीकडेही. आणि स्पेसबारला अगदी चिकटून कोण आहे? कंट्रोल. म्हणजे अंगठ्याखाली. दिवसभर कंट्रोल दाबून ठेवायचा म्हटलं तरी हाताला त्रास नाही. मग पीसीचे कीबोर्ड आले, त्यांनी कंट्रोल नेऊन ठेवला खालच्या कोपऱ्यात, मेटा तर गायबच झाला, त्याचं काम ऑल्टवर आलं, आणि जे अंगठ्याचं काम होतं ते करंगळीच्या नशिबी आलं. ईमॅक्स वापरून करंगळी दुखते म्हणतात त्यात दोष एडिटरचा कमी आणि या कोपऱ्याचा जास्त, निदान मला तरी तसंच वाटतं.

(पहिल्या मॅकिन्टॉशचा कीबोर्ड)

हा दुसरा कीबोर्ड १९८४ चा. काय नाहीये यात, ओळखा. बाणांच्या कीज नाहीत! लोकांनी माऊसच वापरावा, असं ॲपलला हवं होतं. पण आपल्याला बघायचंय ते खाली डावीकडे, झेड, एक्स, सी, व्ही, चारही शेजारी शेजारी, उजवा हात माऊसवर असताना डाव्या हाताने उरकता येतील असे. कट-कॉपी-पेस्टची कल्पना लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात घडवली होती, टेस्लर नंतर ॲपलमध्ये आले, आणि ॲपलच्या लिसा आणि मॅक या कॉम्प्युटरवर, झेड अनडूसाठी धरून, ही चार अक्षरं पक्की झाली. कंट्रोलबरोबर नाही, ॲपलच्या वेगळ्या कमांड कीबरोबर, ही खरी मेख आहे. विंडोजने मग हीच अक्षरं कंट्रोलला जोडली, आणि कंट्रोलवर ईमॅक्स आधीपासून ठाण मांडून बसलेला.

आयबीएमने १९८७ ला प्रोग्रॅमचे मेनू आणि कीज कशा असाव्यात याचे सीयूए नावाचे नियम काढले होते, त्यात कॉपी म्हणजे कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्ट म्हणजे शिफ्ट-इन्सर्ट. गंमत अशी की या कीज ईमॅक्समध्ये काहीही सेटिंग न करता चालतात, बघा, चालल्या. पण आता त्या किती जणांच्या बोटात आहेत?

(मॅकवर ईमॅक्स, स्क्रीन रेकॉर्डिंग)

आता मॅक. इथे काम त्या मानाने सोपं होतं, कारण कमांड की मोकळी होती. २००९ च्या २३ व्या आवृत्तीत ईमॅक्सचा कोको पोर्ट, म्हणजे खास मॅकसाठी जुळवून घेतलेलं रूप आलं, त्यात कमांडला सुपर मानलं आणि ऑप्शनला मेटा, आणि सुपरच्या जोडीला मॅकचे नेहमीचे शॉर्टकट आधीच बसवून दिले. कमांड-सी कॉपी, कमांड-व्ही पेस्ट, कमांड-एस सेव्ह, कमांड-झेड अनडू. आणि कंट्रोलवरचा जुना ईमॅक्स जसाच्या तसा, त्याला कोणी हात लावला नाही. म्हणजे दोन्ही सवयी एकाच कीबोर्डवर, भांडण न करता. उलट मॅकच्या साध्या टेक्स्ट बॉक्समध्येसुद्धा कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला नेतं, कंट्रोल-के उरलेली ओळ कापतं, कारण ते नेक्स्टस्टेपपासून, म्हणजे आजची मॅकची सिस्टिम जिच्यातून आली तिच्यापासून, तिथे आहे. आणि अंगठा बघा कुठे आहे, स्पेसबारच्या शेजारी, जिथे स्पेस-कॅडेटवर कंट्रोल होता.

(ऑप्शन-ई दाबणारी बोटं)

पण ऑप्शन मेटाला दिला की दुसरीच कटकट. मॅकवर ऑप्शन नुसता शॉर्टकटसाठी नसतो, त्याने अक्षरं उमटतात, ऑप्शन-ई आणि मग ई दाबलं की डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच ई. मेटा केलात तर हा ई गेला, न केलात तर अर्धा ईमॅक्स गेला. यावर काढलेला तोडगा मला या सगळ्यात जास्त आवडतो. डावा ऑप्शन मेटा आणि उजवा ऑप्शन मॅकचा मॅकलाच परत. एका ओळीचं सेटिंग आहे, आणि दोन बाजूंना दोन ऑप्शन असण्याचा कधी नव्हे तो उपयोग झाला.

(विंडोजवर ईमॅक्स, स्लो मोशन)

विंडोज आणि लिनक्सवर अशी मोकळी की हाताशी नाही, तिथे कंट्रोल एकच आणि दावेदार दोन. सी सोडून देऊ म्हणावं तर ते शक्य नाही, कंट्रोल-सी आणि पुढे एक अक्षर ही जागा युजरसाठी राखीव ठेवलेली असते, कंट्रोल-सी आणि पुढे कंट्रोलसकट अक्षर ही प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेच्या मोडची, म्हणजे त्या भाषेसाठीच्या खास सोयींची, कंट्रोल-एक्सच्या मागे तर फाइल उघडण्यापासून बाहेर पडण्यापर्यंत सगळं. मग नेहमीच्या कट-कॉपी-पेस्टच्या कीज ईमॅक्समध्ये आणणाऱ्या सीयूए मोडने काय केलं, तर वेळ मोजली. २००७ च्या २२ व्या आवृत्तीपासून हा मोड ईमॅक्सबरोबरच येतो. आता स्लो मोशनमध्ये बघा. काही सिलेक्ट केलेलं नाही, तेव्हा कंट्रोल-एक्स जुन्याच अर्थाने चालतं. मजकूर सिलेक्ट केला, कंट्रोल-एक्स दाबलं, आणि आता एडिटर सेकंदाचा पाचवा भाग थांबलाय. एवढ्यात दुसरी की आली तर तो जुना प्रीफिक्स, म्हणजे दोन कीजच्या कमांडचा पहिला भाग, नाही आली तर कट. डोळ्याला हा थांबा जाणवतच नाही. आणि मुद्दाम जुना अर्थच हवा असेल तर सोबत शिफ्ट दाबायचा.

सगळं मात्र एडिटरच्या हातात नसतं. मेटा-टॅब म्हणजे ईमॅक्समध्ये शब्द पूर्ण करायची की, पण मेटा जर ऑल्ट असेल तर हे झालं ऑल्ट-टॅब, आणि ते डेस्कटॉप मधल्यामध्ये उचलतो, ईमॅक्सपर्यंत पोचतच नाही. तिथे कंट्रोल-मेटा-आय वापरावं लागतं.

(तीन स्क्रीन शेजारी शेजारी, कर्सर शब्दाशब्दाने पुढे)

ही तीन खिडक्यांची फ्रेम लावायला बराच वेळ गेला, पण बघण्यासारखी आहे. नोटपॅडमध्ये कंट्रोल आणि उजवा बाण दाबला की कर्सर पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला उभा राहतो. मॅकवर ऑप्शन आणि उजवा बाण, कर्सर शब्दाच्या शेवटी. ईमॅक्सही शेवटीच थांबतो. म्हणजे मॅकवाल्याला काहीच खटकत नाही आणि विंडोजवाला प्रत्येक वेळी एक स्पेस मागे पडतो, आणि हे नुसत्या कीज बदलून सुटत नाही, कमांडच वेगळी लावावी लागते. शिफ्ट आणि बाणाने सिलेक्ट होणं आणि सिलेक्शन रंगीत दिसणं हे दोन्ही २३ व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असतं. सिलेक्ट केलेल्यावर टाइप केलं की जुनं जाऊन नवीन यावं, हे मात्र अजूनही स्वतः चालू करावं लागतं, का ते विचारू नका. अनडूच्या उलटा सरळसाधा रीडू तर २०२२ च्या २८ व्या आवृत्तीत आला.

सीयूए मोड पहिल्यापासूनच चालू का ठेवत नाहीत? जुन्या लोकांच्या सवयी, फाइली, ट्युटोरियल, सगळं मोडेल म्हणून. ते खरंही आहे. पण नवीन माणूस पहिल्या दहा मिनिटांत पळून जातो त्याचाही हिशेब कोणीतरी ठेवायला पाहिजे.

(ऑप्शन्स मेनू उघडतो)

तोपर्यंत हे आहे. वरच्या मेनूत ऑप्शन्स, त्यात सीयूए कीजची ओळ, तिच्यावर टिक. त्याच मेनूत खाली सेव्ह ऑप्शन्स आहे, तेही दाबा, नाहीतर ईमॅक्स बंद करून परत उघडला की टिक गेलेली असेल.