विषयप्रमुख झालात? आधी तासिका मोजा

नमस्कार. जून उजाडला की विषयप्रमुखाच्या वहीत एक वाक्य हमखास येतं: 'यंदा गणिताचा निकाल शंभर टक्के.' हा तर नवस झाला! जिल्हा परिषद शाळेतली सहावी घेऊ, पट चाळीस, आणि खरंच काय जमेल ते बघू.

पैशाचं आधी उरकून टाकतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान १०१ ते २५० पटाला वर्षाला ५० हजारांपर्यंत, तेही अख्ख्या शाळेला. वीजबिल, डागडुजी, स्वच्छता सगळं त्यातच. गणिताला काही मिळेल असं धरूच नका.

खरी ओढाताण तासिकांची. कायद्याने सहावीला २२० दिवस, पण उजळणीला आठवड्याची एकच तासिका निघते. जुलै ते सप्टेंबर तेरा आठवडे. सण, प्रशिक्षणं, चाचण्या वजा केल्या की हातात नऊ. नवात एकच कौशल्य बसतं. भागाकार धरू.

पहिल्या तासिकेला दहा उदाहरणं द्या: दोन सोपी, तीन पाढ्यांची, तीन भागाकारात शून्य येणारी, दोन शाब्दिक. (फळ्यावर लिहीत) ८२४ भागिले ८. बरीच मुलं १३ लिहितात. दोनाला आठाचा भाग जात नाही, तिथे वर शून्य मांडायचं राहतं आणि थेट चार खाली येतो. या मुलाकडून पाढे घोकून घेतलेत तर महिना वाया. त्याला शतक-दशक-एककाचे रकाने आखून द्या. ६३ भागिले ७ वर अडलेल्याला मात्र पाढाच हवा. म्हणून नुसते गुण टिपू नका, नावापुढे चूक कुठली ते सांगणारं अक्षर लिहा: शून्य राहिलं तर 'शू', पाढा अडला तर 'पा', वजाबाकी चुकली तर 'व'.

आता आकडा. दहापैकी सात आज चौदा जणांना जमतात, तर सप्टेंबरअखेर चोवीस धरा. चाळीस का नाही? 'व' वाल्यांना आधी हातच्याची वजाबाकी यायला हवी. त्यांचं उद्दिष्ट तेवढंच, आणि ते वेगळं लिहा, नाहीतर तुमच्या आकड्यात ती मुलं फक्त नापास दिसतील.

मुख्याध्यापकांकडे एकच मागा: उजळणीची तासिका शनिवारी नको. शनिवारची तासिका कार्यक्रमच खातात.

शेवटच्या तासिकेला पुन्हा तीच चाचणी, पण आकडे बदलून, कारण जुनी उत्तरं पाठ असतात. ८२४ च्या जागी ६३६ भागिले ६ द्या, आणि १६ लिहिणारे किती उरले ते मोजा.