विनेटकाचे कार्लटन वॉशबर्न: एकाच गावाच्या शाळांना दिलेली चोवीस वर्षं

[दृश्य: मिशिगन सरोवराचा काठ, गावाचा जुना नकाशा]

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावर विनेटका हे छोटं, सधन गाव आहे. १९१९ साली इथल्या सरकारी शाळांची सूत्रं तिशीही न गाठलेल्या कार्लटन वॉशबर्न यांच्या हाती आली आणि १९४३ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

अमेरिकेत गावच्या शाळा स्थानिक ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ चालवतं. त्याचं बोर्ड सहसा गावकरी मतदानाने निवडतात आणि सुपरिंटेंडंटची, म्हणजे सगळ्या शाळांच्या प्रमुखाची, नेमणूक बोर्ड करतं. शिक्षकांची निवड, अभ्यासक्रम, अंदाजपत्रक, इमारतींची देखभाल, सगळं या सुपरिंटेंडंटच्या अंगावर. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्याची बदली सरकार करतं. तिथे बदली नसते. बोर्डाचा विश्वास असेल तोवर माणूस राहतो. वॉशबर्न यांच्या कामाचं खरं बळ या दीर्घ मुक्कामात होतं. पहिलीत आलेलं मूल आठवी पूर्ण करून बाहेर पडेपर्यंत बघता आलं, चुकलेलं पान पुढच्या वर्षी बदलता आलं, आणि बदल लागू पडला की नाही हे पुन्हा मोजता आलं.

[दृश्य: कॅलिफोर्नियातील छायाचित्रं]

त्यांचा जन्म १८८९ चा, शिकागोचा. आई मॅरियन फॉस्टर वॉशबर्न शिक्षणावर लिहिणाऱ्या. प्रयोगशील शिक्षणतज्ज्ञ फ्रान्सिस पार्कर यांच्या शाळेचे संस्कार लहानपणीच झाले. स्टॅनफर्डहून पदवी घेतल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियातल्या खेड्यातल्या शाळेत शिकवलं. एकाच वर्गात वेगवेगळ्या तयारीची मुलं, सगळ्यांना एकच धडा. ही अडचण तिथे रोजची होती. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे अध्यापक विद्यालयात, फ्रेडरिक बर्क यांच्या हाताखाली त्यांना उत्तर सापडू लागलं. बर्क मुलांसाठी स्वतः शिकता येतील अशा पुस्तिका तयार करत होते. पण पाठ्यपुस्तकं छापण्याचा अधिकार राज्य मंडळाचाच, असा कायदेशीर निर्णय आला आणि त्या पुस्तिका थांबल्या. विनेटकाच्या बोर्डावरचे कारखानदार एडवर्ड योमन्स नव्या सुपरिंटेंडंटच्या शोधात होते. बर्क यांनी वॉशबर्न यांचं नाव सुचवलं.

[दृश्य: वर्गातले टेबल, वह्या, उद्दिष्टपत्रिका जवळून]

विनेटकात अभ्यासक्रमाचे दोन भाग झाले. पहिला सर्वांना आवश्यक गोष्टींचा: वाचन, लेखन, शुद्धलेखन, गणित. दुसरा गटातल्या आणि सर्जनशील कामांचा: नाटक, संगीत, हस्तकला, विद्यार्थ्यांचं स्वशासन. सकाळचा अर्धा वेळ पहिल्याला, अर्धा दुसऱ्याला, दुपारीही तसंच.

पहिल्या भागाची तेव्हाची रीत अशी: प्रत्येक मूल आपल्या गतीने चालतं. त्याच्याकडे उद्दिष्टपत्रिका असते. गणितात, समजा, हातच्याची वजाबाकी हे एक उद्दिष्ट. मूल कार्यपुस्तिकेतली उदाहरणं सोडवतं आणि मागच्या उत्तरांवरून स्वतःच तपासतं. तयारी झाली असं वाटलं की सराव चाचणी. तीही स्वतःच तपासायची. चाचणीतला प्रत्येक प्रश्न एका ठरावीक अडचणीला बांधलेला. दशकस्थानी शून्य असलेलं उदाहरण चुकलं, तर त्याच प्रकारच्या सरावाकडे परत जायचं, अख्ख्या धड्याकडे नाही. मग खरी चाचणी, ती बाई घेतात. सगळी उत्तरं बरोबर आली, तरच पत्रिकेवर तारीख पडते.

उत्तरं मुलांच्याच हाती, मग नक्कल नाही का होणार? होते, आणि म्हणूनच खरी चाचणी शिक्षकांकडे असते. नक्कल करून पुढे सरकलेलं मूल तिथेच अडतं. तपासणीचं ओझं हलकं झाल्यावर बाईंना अडलेल्या मुलाशेजारी बसायला वेळ मिळतो. वर्ष संपलं म्हणून कोणी नापास होऊन मागे बसत नाही. सुट्टीनंतर मूल थांबलं होतं तिथून पुढे जातं. वाचनात चौथीचं आणि गणितात तिसरीचं काम करणारं मूल आपल्या वयाच्या मुलांतच बसतं.

धोकाही इथेच आहे. नुसत्या कार्यपुस्तिका उचलल्या आणि दिवसाचा दुसरा अर्धा भाग गाळला, तर उरतं एकेकट्या मुलाचं पानं भरणं. शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांच्यासारख्या टीकाकारांचा आक्षेप या दिशेचाच होता: शिक्षणाचे तुकडे केले की त्यातला जिवंत अनुभव निसटतो. आक्षेप वजनदार होता. गटातली कामं ही वॉशबर्न यांच्या लेखी फावल्या वेळची करमणूक नव्हती, वेळापत्रकातला निम्मा हिस्सा होता, तो याचसाठी.

[दृश्य: ग्रंथालय, पुस्तकांची यादी]

कोणतं पुस्तक कोणत्या इयत्तेला, हेही अंदाजावर सोडलं नाही. मेबल व्होगेल यांच्यासोबत त्यांनी ७०० पुस्तकांबद्दल ३६,७५० मुलांची मतं गोळा केली. त्यातून १९२६ ची इयत्तावार ग्रंथयादी निघाली. १९२८ मध्ये दोघांनी मजकुराची काठिण्यपातळी मोजण्याचं सूत्र मांडलं. त्यात चार गोष्टी मोजायच्या: हजार शब्दांत वेगवेगळे शब्द किती, शब्दयोगी अव्ययं किती, नेहमीच्या वापरातल्या शब्दांच्या यादीबाहेरचे शब्द किती, आणि ७५ वाक्यांत साधी वाक्यं किती. आकडेशास्त्राच्या आधारावर उभी राहिलेली ही अशा प्रकारची अगदी सुरुवातीची पद्धत.

[दृश्य: क्रो आयलंड शाळा, बाहेरून आणि आतून]

१९४० मध्ये क्रो आयलंड शाळा उघडली. वास्तुरचनाकार एलिएल आणि एरो सारिनेन, सोबत पर्किन्स, व्हीलर अँड विल ही फर्म. लॉरेन्स पर्किन्स आधी वर्गांत जाऊन बसले. शिक्षकांपासून सफाई कामगारांपर्यंत सगळ्यांना काय हवं ते विचारलं गेलं. मग इंग्रजी एल अक्षरासारखे वर्ग तयार झाले: एका बाजूला शिकण्याची मोठी जागा, दुसऱ्या बाजूला हाताने काम करण्याचा कोपरा. प्रत्येक वर्गाला स्वतःचं सिंक, स्वतःचं स्वच्छतागृह, बाहेरचं छोटं अंगण. छत प्रचलित बारा फुटांऐवजी नऊ फुटांवर. दिव्यांची बटणं मुलांच्या हाताला लागतील एवढ्या उंचीवर. सभागृहात पुढच्या खुर्च्या लहानग्यांच्या मापाच्या, मागे जाताना मोठ्या होत गेलेल्या. शाळा कशी शिकवते हे आधी ठरलं आणि भिंती मग उभ्या राहिल्या, म्हणून हे जमलं.

१९४३ मध्ये वॉशबर्न अमेरिकी सैन्याच्या कामावर इटलीला गेले. फॅसिस्ट काळातली पाठ्यपुस्तकं बाजूला काढणं आणि बंद पडलेल्या शाळा पुन्हा उघडणं, ही तिथली जबाबदारी. १९४९ पासून ब्रुकलिन कॉलेजात त्यांनी शिक्षक घडवले. १९६८ मध्ये त्यांचं निधन झालं. क्रो आयलंडला १९९० साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.