जुना लॅपटॉप, अगस्त्य आणि ध्रुव

हा लॅपटॉप बघा. बिजागरी सैल, बॅटरी निकामी, रॅम २ जीबी. हार्ड डिस्क आम्ही काढूनच टाकली आहे, हा तिचा रिकामा खण.

आणि हा पेन ड्राइव्ह. यात पपी लिनक्स ही छोटी, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ऑस्ट्रेलियातले बॅरी कॉलर यांनी ती २००३ मध्ये बाहेर आणली आणि तिला आपल्या चिवावा कुत्र्याचं नाव दिलं. आम्ही घेतली ती तिची फॉसापप ही आवृत्ती. अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम सुमारे ४०० एमबीची.

स्क्रीनवर ओळी सरकतायत तिकडे लक्ष द्या. पपी पेन ड्राइव्हवरून उठते आणि सगळाच्या सगळा संसार रॅममध्ये नेऊन मांडते. म्हणून डिस्क नसतानाही मेनू असा चटकन उघडतो. केलेलं काम जपायचं असेल, तर ते एका फाइलमध्ये बांधून पुन्हा पेन ड्राइव्हवर ठेवता येतं.

आता स्टेलॅरियम, स्क्रीनवर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर. फ्रान्सच्या फाबियाँ शेरो यांनी याची सुरुवात केली. १.० आवृत्ती यायला २०२२ उजाडलं. एवढी वर्षं कितीतरी जणांनी हे आकाश हौसेनं घडवलं, आणि त्याचा सोर्स कोड आजही सगळ्यांसाठी खुला आहे. एकदा बसवलं की सहा लाखांहून जास्त तारे हाताशी, इंटरनेटशिवाय. याला पैसे पडत नाहीत, हे आम्ही मुद्दाम सांगतोय.

ठिकाण पुणे. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा, रात्रीचे नऊ. 'ए' दाबलं, वातावरण गेलं. 'सी' दाबलं, तारकासमूहांच्या रेषा उमटल्या. मृग माथ्यापासून थोडा ढळलेला, त्याच्या खाली व्याध. आणखी खाली, थेट दक्षिणेला, अगस्त्य तारा. त्याच्यावर क्लिक केलं की क्षितिजापासूनची उंची दिसते: जवळपास १९ अंश. आता उत्तरेला वळू. ध्रुवतारा साडेअठरा अंशांच्या आसपास. म्हणजे पुण्याच्या माणसाला या वेळी एका बाजूला ध्रुव आणि दुसऱ्या बाजूला अगस्त्य, दोघंही जवळपास सारख्याच उंचीवर दिसतात. ध्रुवाची उंची म्हणजे साधारण आपला अक्षांश, साडेअठरा. अगस्त्य खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात मानलेल्या रेषेच्या, पावणेत्रेपन्न अंश दक्षिणेला. नव्वदातून हे दोन्ही वजा करून बघा. मुंबई थोडी उत्तरेला आहे, तिथून अगस्त्य किंचित खाली दिसेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. शाळांमधली, घरांमधली या लॅपटॉपसारखी कितीतरी चालती यंत्रं यामुळे भंगारात निघतील.

हा पुण्याबाहेरचा माळ. लॅपटॉपला वीज गाडीच्या बॅटरीवरून, इन्व्हर्टर लावून. कंट्रोल आणि 'एन' दाबल्यावर स्क्रीन लाल होते, अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.

(निवेदन थांबते. रातकिड्यांचा आवाज.)

स्क्रीन मिटली. दक्षिणेकडे, त्या बाभळीच्या शेंड्यावर, अगस्त्य.

आता मागे वळा.