रुळावर कान आमचे

भुसावळजवळची डिसेंबरची सकाळ. मुंबईहून आलेला लोहमार्ग इथे फुटतो. एक फाटा नागपूरकडे, दुसरा इटारसीकडे.

रूळ सांभाळणाऱ्या गँगची सोळा माणसं चिमटे लावून उभी आहेत. मधे 13 मीटरचा रूळ. मीटरला 60 किलो, म्हणजे सगळा मिळून 780. मुकादम हाळी देतो, बाकीचे साथ देतात आणि त्या तालावर रूळ उचलला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास 49 किलो. एकाची पकड सुटली, तर त्याचं ओझं शेजारच्याच्या कंबरेत जातं.

ओळीतला सहावा तरुण डिप्लोमा झालेला. ज्युनियर इंजिनिअरच्या खात्यांतर्गत परीक्षेला बसायचं, हे त्याने नोकरीला लागतानाच ठरवलं होतं. त्यात चूक काहीच नाही. खडी ओढून पाठ वाकलेल्या माणसांनाही पोरगं पुढे जावं असंच वाटतं.

पण गेल्या वर्षी तो गँगपासून तुटत गेला. डबा वेगळा खायचा. कुणी ड्यूटी बदलून मागितली की नाही म्हणायचा. एकदा तर काम करताना कानात इअरफोन, लेक्चर चालू. येणाऱ्या गाडीवर नजर ठेवणाऱ्या लुकआउटवाल्याची शिट्टी वाजली, सगळे बाजूला झाले, हा वाकलेलाच. मुकादमाने दंडाला धरून ओढला. गाडी निघून गेल्यावर इअरफोन त्याच्या हातात ठेवत एवढंच म्हणाला, “भो, सुट्टीत ऐक ना काय ऐकायचं ते. रुळावर तुझे कान आमचे आहेत.”

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन बाभळीखाली सगळ्यांत येऊन बसला. कळण्याची भाकरी, ठेचा आणि मधोमध उघडं पुस्तक. उन्हाळ्यात रूळ का वाकतो, ते त्याने सांगितलं. एक किलोमीटरचा रूळ 20 अंशांनी तापला, तर मोकळा असता तो सुमारे 23 सेंटीमीटर वाढला असता. जोडून लांब केलेल्या रुळाला वाढायला जागाच नसते. रुळाखालचे आडवे स्लीपर आणि खडी त्याला जखडून धरतात. म्हणून भर उन्हात खडी उपसायची नाही. मुकादम ऐकत राहिला. नियम तो तीस वर्षं पाळत आला होता, कारण आज कळलं.

मग तो उठला. रुळाशी गुडघे टेकले, गाल पार खाली नेला, एक डोळा मिटला. “बघ इथून.” पोराला रूळ सरळच दिसला. “पुन्हा बघ. त्या खांबाच्या अलीकडे.” तिथे केसभर बाक होता. तो आपल्याआपण दिसायला पोराला पुढे चार महिने लागले.

अभ्यास ज्याचा त्यालाच करावा लागतो, पण त्याला लागणारा वेळ पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेतून निघतो, असं मला ही गँग पाहताना वाटलं. थंडीत रूळ आखडतात, जोड तडकण्याची भीती असते, म्हणून रात्री गस्त घालावी लागते. गेल्या महिन्यात, परीक्षेच्या आधी, याच्या वाट्याच्या चार रात्री चौघांनी साहेबांना विचारून आपसात वाटून घेतल्या. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने त्या तारखा लिहून ठेवल्यात. कुणाची कोणती रात्र, सगळं. त्यातल्या तीन फेडून झाल्या. तिथे खुणा आहेत.

निकाल अजून लागायचा आहे. आज रात्री तो चौथ्याच्या जागी निघालाय. हातात टॉर्च, गळ्याला मफलर. कान उघडे ठेवलेत.